हॉलबर्ग-रासी: दोन नावांचं एक यार्ड, आणि त्यांची पन्नास वर्षांची बोट घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीनिमित्त स्वीडनमधल्या गोथेनबर्गला स्थायिक झालेलं एक मराठी जोडपं शिडाची जुनी बोट घेण्याच्या विचारात आहे. त्यांच्या पाहण्यात दोन बोटी आल्या आहेत, एक १९७० च्या दशकातली मॉन्सुन ३१ आणि दुसरी १९८० च्या दशकातली एचआर ३५२ (एचआर म्हणजे हॉलबर्ग-रासी). दोन्ही हॉलबर्ग-रासी यार्डाच्या, म्हणजे एकाच बोटी बांधणाऱ्या कारखान्याच्या. त्यांचं विचारणं असं: हे यार्ड नेमकं कुणाचं, नावात दोन आडनावं कशी, एवढं नाव कशामुळे झालं, आणि इतक्या जुन्या बोटीच्या भरवशावर पुढेमागे अटलांटिक ओलांडायचं स्वप्न बघावं का?

मी जुन्या बोटींची तपासणी करतो, विकत घेणाऱ्याच्या बाजूने. या कामात यार्डाचा इतिहास माहीत असणं ही हौस नाही, गरज आहे. बोट कुठल्या वर्षी, कुणाच्या हाताखाली, कुठल्या पद्धतीने बांधली गेली यावरून तिच्यात काय शोधायचं हे ठरतं. म्हणून आधी इतिहासच सांगतो, आणि जरा सविस्तर सांगतो.

गोथेनबर्गच्या उत्तरेला, गाडीने तासा-दीड तासावर ऑरुस्ट नावाचं मोठं बेट आहे. खडकाळ किनारा, आत शिरलेल्या अरुंद खाड्या, मासेमारी आणि लाकडी होड्या बांधणं हा तिथला पिढीजात उद्योग. या बेटावर कुंग्सविकेन नावाच्या वस्तीत १९४३ साली हॅरी हॉलबर्ग या कारागिराने स्वतःचं यार्ड सुरू केलं. साल लक्षात घ्या. युरोपभर महायुद्ध पेटलेलं, स्वीडन तटस्थ. त्याच सुमाराला नॉर्डिक फोकबोट नावाची पंचवीस फुटी शिडाची बोट जन्माला आली होती. स्कँडिनेव्हियात घेतलेल्या एका स्पर्धेतल्या निवडक आराखड्यांतले गुण एकत्र करून टोर्ड सुंडेन यांनी १९४२ च्या आसपास तिची अंतिम रेखाटनं केली. सामान्य माणसाला परवडणारी, तरीही खवळलेल्या पाण्यात टिकणारी अशी ही बोट. हॉलबर्ग यांनी फोकबोटी बांधल्या आणि त्यांतल्या पुष्कळ अमेरिकेला गेल्या.

हॉलबर्ग यांचं खरं वेगळेपण माझ्या मते इथे आहे. त्या काळी लाकडी बोट म्हणजे एका गिऱ्हाईकासाठी एक बोट. सुतार फळी उचलणार, लावून बघणार, तासणार, पुन्हा लावून बघणार. हॉलबर्ग यांनी एकाच नमुन्याच्या बोटी ओळीने बांधायला घेतल्या. तेच साचे, तीच मापं, एका बोटीचा भाग दुसऱ्या बोटीला बसेल इतकी अचूकता. लाकडात ही शिस्त आणणं फार अवघड असतं. पुढे या यार्डाला जे यश मिळालं त्याची मुळं मला या शिस्तीत दिसतात, जाहिरातीत किंवा सुबक फर्निचरमध्ये नाहीत.

मग फायबरग्लास आलं. १९६३ च्या सुमाराला हॉलबर्ग यांनी पी-२८ नावाच्या बोटीचं कवच फायबरग्लासमध्ये घडवायला सुरुवात केली. वरचं बांधकाम आणि आतलं काम मात्र लाकडीच ठेवलं. स्वीडनमध्ये हे करणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी ते होते. त्याच वर्षी आपल्याकडे मुंबईत कुलाब्याला ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ बांधली जात होती, संपूर्ण सागवानात, वाकस आणि हातहत्यारं चालवणाऱ्या आपल्या सुतारांच्या हातून. १९६८-६९ मध्ये तीच बोट न थांबता, एकट्या माणसाला घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करणारी जगातली पहिली बोट ठरली. म्हणजे लाकूड काही कमी प्रतीचं नव्हतं. पण ‘सुहेली’सारखी दुसरी बोट हवी असती तर पुन्हा पहिल्यापासून तेवढेच कष्ट करावे लागले असते. हॉलबर्ग यांच्या साच्यातून मात्र पुढच्या महिन्यात तशीच दुसरी निघत होती.

काम वाढलं तशी कुंग्सविकेनची जागा अपुरी पडायला लागली आणि हॉलबर्ग यांनी त्याच बेटावर एलॉस या गावी मोठं यार्ड उभारलं. रिकामी झालेली जुनी जागा १९६५ मध्ये क्रिस्टोफ रासी या तरुणाने विकत घेतली. हा जर्मन, बव्हेरियातला. सायकल आणि हत्यारांची पेटी एवढ्याच सामानानिशी तो स्वीडनला आला, असं यार्डाच्या इतिहासात नेहमी सांगितलं जातं. आधी त्याने हॉलबर्ग यांच्याकडेच काम केलं आणि मग त्यांच्याच जुन्या शेडमध्ये स्वतःचा धंदा मांडला. एकेकाळचा हाताखालचा माणूस काही किलोमीटरवर स्पर्धक होऊन बसला, असं हे चित्र.

रासी यांना शर्यतीच्या बोटींची आवड होती, पण धंद्यासाठी त्यांनी जी बोट निवडली ती निराळीच होती. ओल्ले एंडरलाइन या स्वीडिश रचनाकाराकडून त्यांनी रास्मुस ३५ काढून घेतली. १९६७ पासून ती पाण्यात उतरायला लागली. सुकाणू धरणाऱ्याची बसायची जागा बोटीच्या मध्यावर, तिच्या मागे स्वतंत्र केबिन, पुढे काचेचं पक्कं विंडस्क्रीन आणि खाली त्या मापाच्या शिडाच्या बोटीत सहसा कुणी बसवत नसे एवढं दणकट इंजिन. शिडाच्या शुद्ध परंपरेतल्या लोकांना हे रुचणारं नव्हतं. पण उत्तर समुद्रात ऑक्टोबरच्या पावसात सहा तास सुकाणूवर बसलेल्या माणसाला विचारा, ते विंडस्क्रीन काय चीज आहे. समोरून येणारा पाण्याचा सपकारा तोंडावर न बसता काचेवर बसतो आणि माणूस कोरडा राहतो. कोरडा माणूस कमी थकतो, कमी थकलेला माणूस रात्री दीपगृहाचा दिवा ओळखण्यात चूक करत नाही. मी याला चैन मानत नाही, सुरक्षिततेचं साधन मानतो. रास्मुसच्या ७६० बोटी झाल्या, आणि ते पक्कं विंडस्क्रीन आजही या यार्डाच्या बोटींची ओळख आहे.

१९७२ मध्ये हॅरी हॉलबर्ग निवृत्त झाले आणि त्यांनी एलॉसचं यार्ड रासींना विकलं. इथे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर येतं. जुन्या मालकाचं नाव परदेशात, विशेषतः निर्यातीच्या बाजारात, चांगलं रुजलेलं होतं. रासींनी ते पुसलं नाही. स्वतःचं नाव त्याच्या पुढे जोडलं. त्यामुळे हॉलबर्ग आणि रासी हे भागीदार होते असा जो समज आढळतो तो बरोबर नाही. एकाने उभं केलं, दुसऱ्याने विकत घेऊन वाढवलं. त्यानंतर यार्ड रासी कुटुंबाच्या हातात राहिलं, आणि पुढे क्रिस्टोफ यांचे चिरंजीव माग्नुस रासी यांनी कारभार हाती घेतला. बापलेक दोघेही स्वतः शिडं हाकणारे. मालक आपल्याच बोटीत रात्र काढत असेल तर पाय कुठे अडखळतो, झडप कुठे कुरकुरते, नांगराची साखळी कुठे अडकते हे त्याला कुणी पत्र लिहून कळवावं लागत नाही. जुन्या-नव्या मॉडेलांची तुलना केली की अशा बारीक सुधारणा जागोजागी दिसतात.

आता मॉन्सुन ३१. हीसुद्धा एंडरलाइन यांचीच. १९७४ ते १९८२ या काळात तिच्या ९०४ बोटी बांधल्या गेल्या. या यार्डाच्या इतिहासात एका मॉडेलचा हा सर्वांत मोठा आकडा आहे. एकतीस फुटी, लांब कीलची (कील म्हणजे बोटीच्या तळाला खाली उतरलेला वजनदार कणा), जड बांध्याची बोट. आजच्या त्याच मापाच्या बोटीत जितकी जागा मिळते तितकी तिच्यात नाही. पण लाटेवर तिची चाल संथ आहे, सुकाणू मोकळं सोडलं तरी ती बराच वेळ आपली दिशा धरून ठेवते, आणि या मॉडेलमधून लोकांनी पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या आहेत. बंदरात मात्र उलट चालवताना ती स्वतःच्या मनाने जाते. इंजिनाचा पाण्यातला पंखा ज्या बाजूला ओढेल तिकडे तिचं ढुंगण फिरतं, आणि लांब कीलमुळे सुकाणूचा उलट चालीत फारसा उपयोग होत नाही. हा दोष नाही, त्या बांधणीचा स्वभाव आहे. शांत दिवशी रिकाम्या धक्क्यावर सराव करून घ्यावा लागतो.

एचआर ३५२ ही तिच्यानंतरच्या टप्प्यातली, १९७८ पासूनची. तिच्या ८०२ बोटी झाल्या. रास्मुसचीच कल्पना, पण वयात आलेली: मध्यावर कॉकपिट (सुकाणू धरणाऱ्याची बसायची जागा), मागे प्रशस्त केबिन, आत उंच माणसाला ताठ उभं राहता येईल अशी जागा. चौघांच्या कुटुंबाला उन्हाळाभर राहायला ही खरोखर घरासारखी बोट आहे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस यार्डाने रचनाकार बदलला. अर्जेंटिनाचे हेरमान फ्रेर्स आले. त्यांची शर्यतीच्या बोटींतली ख्याती मोठी. त्यांच्या हातून आलेल्या एचआर ४५, एचआर ३६, एचआर ४६ या बोटी जास्त वेगवान, लहान कीलच्या, वारा येतो त्या दिशेच्या जास्त जवळ जाणाऱ्या झाल्या, आणि तरीही जडपणातला भरवसा त्यांनी गमावला नाही. अलीकडच्या मोठ्या मॉडेलांत रुंद मागची बाजू आणि दोन सुकाणू आले आहेत. जुन्या मंडळींनी त्यावर नाकं मुरडली. मला मात्र तो बदल पटला आहे. बोट कलली की एक सुकाणू हवेत उचललं जातं, पण दुसरं पाण्यात खोल रुतलेलं असतं आणि पकड सुटत नाही.

२००८ च्या मंदीनंतर ऑरुस्ट आणि आसपासच्या किनाऱ्यावर वाईट दिवस आले. स्वीडन यॉट्स, नायाड अशा नामवंत यार्डांवर दिवाळखोरीची वेळ आली. हॉलबर्ग-रासींनाही माणसं कमी करावी लागली, पण यार्ड तगलं. आजवर त्यांच्या नऊ हजारांहून जास्त बोटी पाण्यात उतरल्या आहेत. दर ऑगस्टमध्ये एलॉसला यार्डं लोकांसाठी खुली ठेवण्याचा कार्यक्रम होतो. गोथेनबर्गला राहून तो चुकवू नका. जुनी बोट घेणाऱ्यालाही तिथे अर्धवट बांधलेली बोट उघड्या पोटाने बघायला मिळते, आणि नंतर आपल्या बोटीत फळीमागे काय दडलंय याचा अंदाज येतो.

या सगळ्याचा तुमच्या खरेदीशी संबंध काय, तो आता सांगतो. आपल्याकडे गोव्यात दिवार बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात ‘म्हादेई’ बांधली गेली. लाकडी पट्ट्यांचा गाभा, त्यावर काचेचे तंतू आणि इपॉक्सी ही घट्ट होणारी राळ. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. बोट म्हणून ती कुणाहीपेक्षा कमी नाही. पण अशा एकेरी बोटीचं सगळं ज्ञान बांधणाऱ्याकडे आणि चालवणाऱ्याकडे असतं. मॉन्सुनचं तसं नाही. तिच्या शेकडो बहिणी आजही समुद्रात आहेत. कुठे गळतं, कुठे गंजतं, काय कसं बदलायचं हे शेकडो मालकांनी आधीच करून ठेवलेलं आहे. सुटे भाग अजून एलॉसमधून मिळतात आणि जुन्या मॉडेलांची रेखाटनं-माहितीही यार्डाने जपून ठेवली आहे. हॉलबर्ग यांनी लाकडी फोकबोटींत आणलेल्या त्या ओळीने बांधण्याच्या शिस्तीचं फळ तुम्हाला पन्नास वर्षांनंतर असं मिळतं.

तरी वय ते वय. बघायला जाल तेव्हा सगळ्यात जास्त वेळ डेकवर, म्हणजे बोटीच्या वरच्या फरशीवर घालवा. त्या काळात बहुतेक यार्डं सागाच्या पट्ट्या डेकवर स्क्रूने घट्ट करत आणि स्क्रूच्या डोक्यावर सागाची गोल बुचं बसवत. साग वर्षानुवर्षांच्या घासण्याने झिजतो. पट्टी पातळ झाली की बुच निघून येतं, स्क्रूचं डोकं उघडं पडतं आणि त्या भोकातून पाणी खाली डेकच्या गाभ्यात, म्हणजे फायबरग्लासच्या दोन थरांमधल्या भरावात उतरतं. तेव्हा गुडघ्यांवर बसा. प्लॅस्टिकच्या छोट्या हातोडीने बोटभर अंतरावर ठोकत पुढे सरका. जिथे डेक धड आहे तिथे आवाज टणक, छोटा येतो; जिथे थर सुटलेत किंवा गाभा भिजलाय तिथे तो बद्द होतो. एकदा कान बसला की फरक चुकत नाही. त्या जागा खडूने आखा. डोलकाठीचा पाया, दोरखंड ओढायच्या चकल्या (विंच), कठड्याचे खांब आणि विंडस्क्रीनची चौकट यांच्या भोवती विशेष बघा, कारण डेकला जिथे जिथे भोक पाडलंय तिथे तिथे पाण्याला वाट आहे. नंतर ओलावा मोजायचं यंत्र लावा, पण कोरड्या दिवशी. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर ते आकडे विश्वासाचे नसतात. खडूच्या खुणा दोन-चार असतील तर दुरुस्ती आटोक्यात आहे. अर्धा डेक पांढरा झाला तर सगळा साग काढून नवा थर द्यावा लागेल, आणि तो खर्च अशा बोटीच्या किमतीशी बरोबरी करू शकतो. किंमत ठरवताना ही एकच गोष्ट सगळ्यात वरचढ ठरते.

कीलच्या बाबतीत जुन्या बोटीची बाजू चांगली आहे. मॉन्सुनमध्ये लोखंडाचं वजन फायबरग्लासच्या आतच बंद केलेलं आहे, त्यामुळे कील धरून ठेवणारे बोल्ट गंजण्याची चिंता नाही. मात्र बोट कधी खडकावर बसली असेल आणि तळाचं कवच फुटून पाणी आत लोखंडापर्यंत गेलं असेल तर ते गंजून फुगतं. म्हणून कीलचा पुढचा आणि खालचा काठ हाताने चाचपा. गंजाची तांबूस ओघळ, भेग, जुनी ठिगळं. बोल्टची कील असलेली बोट बघत असाल तर सांध्याची रेषा आणि आतून बोल्टची डोकी दोन्ही तपासून घ्या.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा जुन्या असतील तर वाद न घालता बदला. किती वर्षांपूर्वी बदलल्या याची पावती विक्रेत्याकडे नसेल तर त्या मूळच्याच आहेत असं धरून चाला. विमा कंपनीही तेच धरेल. तारा ज्या पट्ट्यांना डेकवर अडकतात त्या पट्ट्या खालून, कपाटाच्या मागे शिरून, टॉर्च मारून बघा. स्टेनलेस स्टील बाहेरून चकचकीत आणि डेकच्या जाडीत, जिथे हवा लागत नाही, तिथे खड्डे पडलेलं असू शकतं. डोलकाठी डेकवर उभी असेल तर तिच्याखालचा खांब आणि आसपासच्या दारांच्या चौकटी बघा. दार नीट लागत नसेल तर वरून दाब येऊन डेक खचलंय का, हे शोधणं आलं. इंजिन बहुधा व्होल्वो पेंटा असेल. ते थंड असताना सुरू करायला लावा. तुम्ही पोचायच्या आधीच कुणी गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.

आतलं महोगनीचं काम मन मोहून टाकतं आणि तिथेच माणूस बाकीचं बघायचं विसरतो. ते काम खरंच उत्तम असतं. टेबलाचे, कपाटांचे कोपरे गोल केलेले, म्हणजे लाटेने माणूस फेकला गेला तरी फासळीला धार लागत नाही. चालताना हात जाईल तिथे धरायला लाकडी कठडा. ते जरूर बघा, पण सगळ्यात शेवटी.

अटलांटिकबद्दल. दोन्ही बोटी ते करू शकतात, त्यांच्या जातीच्या बोटींनी ते केलेलं आहे. तुम्ही दोघंच असाल, अनुभव कमी असेल आणि दुरुस्तीचं बरंचसं काम स्वतः शिकून करायची तयारी असेल तर मी मॉन्सुन सुचवेन. शिडं लहान, त्यामुळे अंगाच्या ताकदीने आवरतात. पैसा कमी गुंततो, आणि उरलेला तारा, शिडं आणि डेकवर घालता येतो. मुलं सोबत असतील किंवा महिनोन् महिने बोटीवर राहायचं असेल तर ३५२ कडे वळा, पण तिचा देखभालीचा खर्च मॉन्सुनच्या तुलनेत बराच जास्त येईल हे गृहीत धरा. कुठलीही घ्या, पहिले दोन उन्हाळे बोहुसलेनच्या, म्हणजे गोथेनबर्गच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या बेटांमधून फिरण्यात घालवा, मग स्कागेराक ही सामुद्रधुनी ओलांडून नॉर्वे किंवा डेन्मार्क, आणि मग फ्रान्स-स्पेनलगतच्या बिस्केच्या उपसागराचा विचार. आणि तपासणी करणारा माणूस विक्रेत्याने किंवा दलालाने सुचवलेला घेऊ नका. स्वतः शोधा, बोट पाण्याबाहेर काढलेली असताना त्याला बोलवा, आणि तो ठोकत असताना शेजारी बसून तुम्हीही ऐका.